मत्स्यपेटीचा दिवा आणि सूर्यप्रकाश

मुंबईच्या उपनगरांतून शोभिवंत मासे व पाणवनस्पती यांना चांगले गिऱ्हाईक आहे. ही हौस तशी जुनीच. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये खुले झाले, आणि जुहूला लागूनच उत्तरेस असलेल्या वर्सोव्यात केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था १९६१ पासून काम करीत आहे. आज जुहू, विलेपार्ले, अंधेरी या भागांतील घरे, दवाखाने आणि उपाहारगृहे यांतून काचेच्या मत्स्यपेट्या दिसतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश करण्यात आल्यापासून शेतीस जोडधंदा म्हणून या व्यवसायाची चौकशी गावोगावी होऊ लागली आहे.

या धंद्यात एक अडचण अशी आहे की तिचे कारण सहसा ध्यानात येत नाही. गावातील सिमेंटच्या टाकीत वाढलेला माल उन्हात वाढलेला असतो. जुहूच्या एखाद्या सदनिकेत गेल्यावर मात्र त्याचे उरलेले सारे आयुष्य एका दिव्याखाली जावयाचे असते. हिरवीगार रोपे आठ-दहा दिवसांत पाने गाळतात. केशरी दिसणारा मासा घरी नेल्यावर मळकट दिसतो. दुकानदार म्हणतो माल वाईट, उत्पादक म्हणतो पाणी वाईट. पुष्कळदा दोष दोहोंचा नसून प्रकाशातील फरकाचा असतो. हा फरक काय आहे, हे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी व उत्पादकांनी नीट समजून घेतल्यास बरेचसे नुकसान टळण्यासारखे आहे.

सूर्याचा प्रकाश

सूर्यप्रकाश पांढरा दिसत असला तरी तो अनेक रंगांचे मिश्रण आहे. लोलकातून किंवा पावसाच्या थेंबांतून जाताना हे रंग वेगळे होऊन जो पट्टा दिसतो, त्यास वर्णपट म्हणतात. प्रकाश लहरींच्या रूपाने प्रवास करतो आणि प्रत्येक रंगाच्या लहरीची लांबी निराळी असते. ही लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केल्यास त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. जांभळा प्रकाश सुमारे ४०० नॅनोमीटरचा, निळा ४५० च्या आसपास, हिरवा ५२० ते ५५०, पिवळा ५८० च्या जवळ आणि तांबडा ६२० पासून ७०० पर्यंत. याच्या अलीकडचे अतिनील आणि पलीकडचे अवरक्त म्हणजे उष्णतेचे किरण आपल्या डोळ्यांस दिसत नाहीत. जमिनीवर पोहोचणाऱ्या सौर ऊर्जेपैकी निम्म्याहून काहीसा कमी भाग दृश्य प्रकाशाचा असतो. उरलेला बहुतेक उष्णतेच्या किरणांचा.

सूर्यप्रकाशाचे मुख्य लक्षण हे की त्याच्या वर्णपटात कोठेही मोठी फट नाही. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत प्रत्येक रंग कमीअधिक प्रमाणात हजर असतो. मात्र हे प्रमाण दिवसभर एकच राहत नाही. जुहूच्या किनाऱ्यावर १५ मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस तो पुन्हा तसाच डोक्यावर येतो, परंतु तेव्हा सहसा ढग असतात. अशा स्वच्छ मध्यान्ही पडणारा प्रकाश सुमारे एक लाख लक्स इतका प्रखर असतो व त्यात सर्व रंगांचा समतोल असतो. त्याच किनाऱ्यावर सूर्यास्त पाहावयास जमणाऱ्या गर्दीला जो प्रकाश दिसतो तो फार वेगळा. त्या वेळी किरणांना वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागतो, निळा भाग वाटेत विखुरला जातो आणि तांबडा-नारिंगी भाग शिल्लक राहतो. उलट, इमारतीच्या सावलीत केवळ आकाशाचा उजेड येतो, आणि त्यात निळा भाग अधिक असतो. आपले डोळे मात्र या फरकाशी जुळवून घेतात. पांढरा कागद सकाळी, दुपारी आणि दिव्याखाली पांढराच वाटतो. डोळ्यांच्या याच गुणामुळे दिव्यांच्या खरेदीत माणूस फसतो.

पाण्याखाली तर आणखी बदल होतो. शुद्ध पाणी तांबडा प्रकाश झपाट्याने शोषून घेते. पाच मीटर खोलीवर तांबड्याचा पाचवा हिस्साही उरत नाही, आणि निर्मळ समुद्रात फार खोलवर केवळ निळा प्रकाश पोहोचतो. म्हणून समुद्रातील जीवांना निळा दिवा हवा, असे सरसकट सांगितले जाते. पण जुहूच्या समुद्राकडे नुसते पाहिले तरी हे विधान सर्वत्र लागू नाही, हे कळते. तेथील पाणी गाळाने व कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याने गढूळ असते. असे पाणी निळा प्रकाशही शोषून घेते. मग खाली उरतो तो हिरवट-पिवळसर. गावच्या शेवाळलेल्या तळ्यातही थोडेफार हेच घडते.

काचपेटीत मात्र पाण्याच्या या गाळणीचा परिणाम किरकोळ असतो. अर्धा मीटर खोल स्वच्छ पाण्यात तांबड्या प्रकाशाचा साधारण सहावा-सातवा हिस्साच कमी होतो. तेव्हा पेटीतील रोपास काय मिळते, हे मुख्यत्वे दिवाच ठरवितो.

दिव्यांचे वर्णपट

जुन्या पिवळ्या बल्बमध्ये धातूची तार तापून पांढरी होते. तिचे तापमान सुमारे २,७०० ते २,८०० केल्विन. सूर्याच्या पृष्ठभागाचे त्याच्या दुपटीहून थोडे अधिक. म्हणून बल्बचा वर्णपट सूर्यासारखाच अखंड असला तरी तांबड्याकडे झुकलेला, आणि विजेचा फार मोठा भाग उष्णतेत जातो. लहान पेटीवर असा बल्ब ठेवणे म्हणजे पाणी तापविण्याची सोय करणे होय. हा दिवा आता या कामी कोणी वापरू नये.

ट्यूबलाइटचे तत्त्व निराळे. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की अदृश्य अतिनील किरण निघतात आणि आतून लावलेली पूड त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करते. त्यामुळे तिचा वर्णपट अखंड पट्टा नसून शिखरे व दऱ्या यांनी बनलेला असतो. निळ्यात एक शिखर, ५४५ च्या जवळ हिरव्यात एक, ६११ च्या जवळ नारिंगी-तांबड्यात एक. या तिन्हींची बेरीज डोळ्यास पांढरी भासते. नळी जुनी झाली की ती पेटत असली तरी तिचा प्रकाश घटत जातो. डोळ्यांना ही घट जाणवत नाही, झाडांना जाणवते.

आता सर्वत्र एलईडी दिवे आले आहेत. निळा एलईडी तयार करणे दीर्घ काळ जमत नव्हते. तो ज्यांनी शक्य केला त्या अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत मुळात सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा दिवाच असतो. त्यावरील पिवळसर लेप त्यातील काही प्रकाश घेऊन हिरवा, पिवळा व तांबडा बाहेर टाकतो. परिणामी निळ्यात एक उंच शिखर, ४८० च्या आसपास एक खळगा, मग हिरव्या-पिवळ्याची रुंद टेकडी आणि ६५० च्या पुढे उतरण, असा त्याचा आकार होतो. सूर्यप्रकाशाच्या तुलनेत हिरवट-निळा व गडद तांबडा हे दोन भाग येथे तोकडे पडतात.

डब्यावर छापलेला ६,५०० केल्विन हा आकडा पाहून पुष्कळ जण ‘हा सूर्यप्रकाशाचा दिवा’ असे समजतात. या आकड्यावरून प्रकाश पिवळसर दिसेल की निळसर, एवढेच कळते. वर्णपटातील खळगे तो सांगत नाही. एकच आकडा छापलेल्या ट्यूबचा आणि एलईडीचा वर्णपट अगदी भिन्न असू शकतो. याहून उपयोगी आकडा ‘सीआरआय’ या अक्षरांपुढे असतो. दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात, त्याचे हे माप असून त्याची कमाल मर्यादा १०० आहे. मत्स्यपेटीसाठी ८० पेक्षा कमी आकड्याचा दिवा घेऊ नये. ९० चा मिळाल्यास उत्तम. अर्थात् हाही आकडा सर्व काही सांगत नाही. तांबड्याकडे झुकलेल्या पिवळ्या बल्बचा सीआरआय जवळजवळ १०० भरतो!

हा सर्व भेद डोळ्यांनी पाहण्याचा एक सोपा उपाय आहे आणि गावच्या सभेत तो अवश्य करून दाखवावा. गाण्याची किंवा चित्रपटाची जुनी चकचकीत तबकडी म्हणजे सीडी घ्यावी. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावून तबकडी अशी तिरपी धरावी की तीवर रंगांचा पट्टा उमटेल. बल्बचा पट्टा सलग दिसतो. ट्यूबच्या पट्ट्यात रंग तुटक, वेगवेगळ्या रेघांप्रमाणे दिसतात. पांढऱ्या एलईडीत निळा व हिरवा यांच्या मध्ये काळपट जागा दिसते. दिवसाच्या पट्ट्यासाठी खिडकीतून येणारा आकाशाचा उजेड घ्यावा. तबकडीवर प्रत्यक्ष सूर्य मुळीच घेऊ नये, डोळ्यांस इजा होईल. मुलांच्या बाबतीत तर फारच काळजी घ्यावी.

झाडाला कोणता प्रकाश लागतो

१८८२ मध्ये एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने हिरव्या शेवाळाच्या एका तंतूवर सूर्याचा वर्णपट पाडला आणि पाण्यात प्राणवायूकडे धाव घेणारे जिवाणू सोडले. जिवाणूंची गर्दी निळ्या व तांबड्या पट्ट्यांत झाली, कारण तेथेच शेवाळ अधिक प्राणवायू सोडीत होते. हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश अधिक शोषते, हे पुढील मोजमापांनीही ठरले. यावरून केवळ निळे व तांबडे एलईडी बसविलेले जांभळट दिवे निघाले आणि ‘झाडांचा दिवा’ म्हणून ते चढ्या भावाने विकले जातात.

परंतु गोष्ट येथेच संपत नाही. १९७२ मध्ये मॅक्री यांनी अनेक पिकांच्या अखंड पानांवर केलेल्या मोजणीत असे आढळले की हिरवा व पिवळा प्रकाशही पानाच्या पुष्कळ कामी येतो. पान हिरवे दिसते ते हिरव्याचा काही भाग परत फेकते म्हणून. उरलेला भाग ते वापरतेच. म्हणून जांभळट दिव्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते शोभेच्या पेटीवर तो बसविणे गैरसोयीचेच आहे. त्याखाली मासा व झाड यांपैकी कशाचाच खरा रंग दिसत नाही आणि रोगाचा पांढरा ठिपकाही नजरेतून सुटतो. निळेभोर, १०,००० ते २०,००० केल्विनचे दिवे प्रवाळांसाठी निघालेले आहेत. दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चे संरक्षण असल्यामुळे त्यांच्या वाटेस जाऊ नये. गोल्डफिश व व्हॅलिसनेरिया यांच्या पेटीवर तर हे दिवे निव्वळ खर्च होत.

रंगाइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व प्रकाशाच्या राशीला आहे. झाडाच्या उपयोगी पडणारे प्रकाशकण मोजण्याच्या एककात भर मध्यान्हीचे ऊन सुमारे २,००० भरते. क्रिप्टोकोरिनसारख्या सावलीतल्या झाडांची वाढ त्याच मापाने ३० ते ५० इतक्या प्रकाशात होते. दिवसाची बेरीज केली तर पन्नासचा दिवा आठ तास जळून जेवढा प्रकाश देतो, त्याच्या सुमारे तीस पट प्रकाश उन्हाळ्यातील एका स्वच्छ दिवसात मिळतो. दिव्याने सूर्याची बरोबरी करू पाहणे व्यर्थ आहे, आणि त्याची गरजही नाही. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती आपल्या कोकणातील व सह्याद्रीतील ओढ्यांत मूळच्याच आहेत. झाडांच्या सावलीत वाढण्याची त्यांना सवय असते. (यास्तव नैसर्गिक ओढ्यांतून रोपे उपटून आणू नयेत, रोपवाटिकेतील मुनव्यांपासूनच वाढ करावी.)

लक्स मोजणारी सोय आता मोबाइल फोनवरही मिळते. ती एकाच जातीच्या दोन दिव्यांची तुलना करण्यास ठीक आहे. भिन्न जातींच्या दिव्यांसाठी तिचा उपयोग नाही, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्यांचे माप आहे. डोळ्यांना हिरवा-पिवळा अधिक तेजस्वी वाटतो, म्हणून जांभळट दिव्याचे लक्स कमी येतात.

उन्हातून दिव्याखाली

आता उत्पादकाच्या हातातील उपायाकडे वळू. भर उन्हात वाढलेल्या रोपाची पाने त्या प्रकाशाला साजेशी, जाड व आखूड झालेली असतात. त्याला एकाएकी तीस पट कमी प्रकाशात टाकले तर जुनी पाने पोसण्याइतके अन्न तयार होत नाही आणि ती विरघळू लागतात. मूळ जिवंत असल्यास नवी, पातळ व रुंद पाने पुढे येतात. पण गिऱ्हाइकाला तितका धीर नसतो. तो रोप फेकून देतो आणि त्याच्याबरोबर उत्पादकाचे नावही.

म्हणून माल पाठविण्यापूर्वी पंधरा-वीस दिवस तो सावलीस लावावा. पहिला आठवडा ५० टक्के सावलीच्या जाळीखाली, नंतर ७५ टक्के जाळीखाली, आणि जमल्यास शेवटचे काही दिवस छपराखाली पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात. जी नवी पाने या काळात फुटतील ती दिव्यास सरावलेली असतील. गावात हिरवी जाळी सर्वत्र मिळते, पण या कामास काळी जाळी बरी. काळी जाळी सर्व रंग जवळपास सारखेच अडविते. हिरवी जाळी हिरवा अधिक जाऊ देते आणि झाडास हवा असलेला तांबडा भाग कमी करते, त्यामुळे रोपे लांबट व दुबळी होण्याचा संभव असतो. जी रोपे पाण्याबाहेर पाने काढून वाढविलेली असतील ती याच अवधीत पाण्याखालीही घालावीत, म्हणजे एकाच वेळी दोन बदल सोसण्याची पाळी त्यांवर गिऱ्हाइकाच्या घरी येणार नाही.

माशांचे प्रकरण निराळे आहे. माशाला अन्न तयार करण्यासाठी प्रकाश लागत नाही. त्यास हवा असतो तो दिवस-रात्रीचा नियम. आठ ते दहा तास उजेड आणि उरलेला वेळ अंधार द्यावा. मिट्ट अंधारात एकदम दिवा लावल्यास मासे दचकून काचेवर आपटतात. प्रथम खोलीचा दिवा लावावा, मग पेटीचा. गोल्डफिश दीर्घकाळ अंधारात राहिला तर त्याचा रंग फिकट होतो, हे खरे. परंतु लाल-केशरी रंगाचे मूळ द्रव्य मासा स्वतः तयार करू शकत नाही. ते त्यास खाद्यातून, तळ्यातील शेवाळ व सूक्ष्म जीवांतून मिळते. हिरव्या पाण्याच्या टाकीत वाढलेला मासा रंगदार असतो, त्याचे पुष्कळसे श्रेय उन्हापेक्षा त्या शेवाळाला आहे.

दिवा माशाला रंग देत नाही, रंग दाखवितो. केशरी मासा केशरी दिसावयाचा तर त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशात नारिंगी व तांबडा भाग असावयास हवा. तो नसेल तर तोच मासा तपकिरी दिसेल. काही विक्रेते नेमके याच्या उलट करतात आणि पेटीवर गुलाबी दिवा लावून सामान्य मासा लालभडक दाखवितात. गिऱ्हाईक एकदा फसते. उत्पादकाने विक्रीसाठी छायाचित्र काढावयाचे असेल तर ते सकाळच्या मोकळ्या उजेडात किंवा ९० सीआरआयच्या दिव्याखाली काढावे आणि मासाही तशाच प्रकाशात दाखवावा.

शहरातील घरांविषयी दोन गोष्टी दुकानदारामार्फत गिऱ्हाइकास कळवाव्यात. जुहूच्या समुद्राकडील घरांच्या खिडक्या पश्चिमेस असतात. हिवाळ्यात दुपारनंतरचे कलते ऊन खोलीत आतपर्यंत येते. पेटी त्या उन्हात असेल तर थोड्या पाण्याचे तापमान पटकन चढते व काचेवर शेवाळाचा थर धरतो. मग लोक दिव्याचा रंग बदलून पाहतात. शेवाळ मुख्यतः प्रकाश अधिक झाल्याने आणि उरलेले खाद्य पाण्यात सडल्याने माजते. पेटी खिडकीपासून हलविणे, दिव्याचे तास कमी करणे व खाद्य बेताचे घालणे हाच त्यावर इलाज आहे.

खर्चाचा हिशेबही सोपा आहे. १८ वॅटचा एलईडी रोज आठ तास जळला तर महिन्यास सुमारे ४.३ युनिट वीज लागते. जुनी ४० वॅटची नळी तिच्या चोकसह ५० वॅटच्या जवळपास वीज घेते. तिला तेवढ्याच वेळासाठी १२ युनिट लागतात. दिवा पाण्याच्या वर, काचेच्या झाकणावर असावा. वायर पेटीपासून भिंतीकडे नेताना मध्ये खाली लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी बटणापर्यंत न जाता खाली ठिबकेल. जोडणीला अर्थिंग व गळतीच्या विजेवर तुटणारे स्वयंचलित बटण असल्याखेरीज ओल्या हाताचे हे काम करू नये. जुन्या नळ्यांत पारा असतो. त्या फोडून उकिरड्यावर टाकू नयेत.

माल रवाना करताना प्रत्येक पिशवीवर मराठीत तीन गोष्टी लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी: रोप कोणत्या टक्केवारीच्या जाळीखाली किती दिवस ठेवले होते, दिवा कोणत्या जातीचा व रोज किती तास लावावा, आणि पहिल्या पंधरवड्यात जुनी पाने गळाली तरी मूळ काढून टाकू नये.